मांजरस्थळे

मांजरांची बेटे, मांजरांची देवळे, संग्रहालये, आश्रयगृहे, फार काय मांजर स्टेशनमास्तर असलेले एक रेल्वेस्टेशन. ज्या ठिकाणांची ओळखच मांजरांमुळे आहे, त्यांना या नोंदीत सोयीसाठी मांजरस्थळे म्हटले आहे. गल्लीत दहा मांजरे हिंडतात म्हणून ती गल्ली मांजरस्थळ ठरत नाही. तिथे मांजरांसाठी मुद्दाम केलेली काही सोय असावी लागते, नाहीतर केवळ मांजरे पाहायला येणारी माणसे तरी. अशा बहुतेक ठिकाणांच्या मुळाशी उंदीर सापडतो. धान्य, रेशीम, मासेमारीची जाळी, राजवाड्यातले लाकूडकाम यांची उंदरांनी नासधूस मांडली की माणसाने मांजर आणले. पुढे पुष्कळ ठिकाणी ते काम संपले, माणसेही निघून गेली. मांजरे तेवढी मागे राहिली.

माणसाने मांजर सोबत नेल्याचा एक फार जुना पुरावा सायप्रस बेटावरचा आहे. शिलूरोकांबोस या नवाश्मयुगीन वस्तीत सुमारे ९५०० वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाशेजारी मांजराचा अखंड सांगाडा मिळाला. या बेटावर मांजर मूळचे नाही, म्हणजे ते होडीत घालूनच आणलेले असणार. त्याच बेटाच्या दक्षिणेला अक्रोतिरी येथे ‘मांजरांचा संत निकोलस’ या नावाचा मठ आहे. चौथ्या शतकात दुष्काळाने सापांचा सुळसुळाट झाला, तेव्हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिने जहाजाने मांजरे पाठवली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. इथे उंदराची जागा सापाने घेतली आहे एवढाच फरक. मठात आजही मांजरांचा राबता असतो.

प्राचीन जगातले सर्वांत प्रसिद्ध मांजरस्थळ म्हणजे इजिप्तमधील बुबास्तिस, हल्लीच्या झगाझिग शहराजवळचे तेल बस्ता. मांजरमुखी बास्तेत देवीचे हे क्षेत्र. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इथल्या जत्रेचे वर्णन केले आहे. लोक होड्यांतून गात-वाजवत येत, वाटेवरच्या गावांतल्या बायकांची थट्टा करत आणि वर्षभरात रिचत नसेल इतकी द्राक्षाची दारू त्या काही दिवसांत रिचवत. घरातले मांजर मेले की घरची माणसे भुवया भादरून सुतक पाळत, असेही तो लिहितो. या भक्तीची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. देवीला वाहण्यासाठी मांजरांच्या ममी लागत आणि त्यासाठी मांजरे पाळून, मान मोडून मारली जात. क्ष-किरण तपासणीत कोवळ्या पिल्लांच्या मोडलेल्या माना दिसल्या आहेत. १८८८ मध्ये बेनी हसनजवळ अशा ममींचा प्रचंड साठा सापडला. त्यातल्या सुमारे १९ टन ममी १८९० मध्ये लिव्हरपूलच्या बंदरात उतरल्या आणि खत म्हणून लिलावात विकल्या गेल्या.

आपल्याकडे मांजराला असे क्षेत्र लाभले नाही, तरी देवाच्या दारातून ते अगदीच हद्दपार नाही. बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा होते त्या षष्ठीचे वाहन मांजर आहे. ही षष्ठी म्हणजेच महाराष्ट्रातली सटवाई, सहाव्या रात्री येऊन बाळाचे नशीब कपाळावर लिहिणारी. तेच मांजर रस्त्यात आडवे गेले की माणूस चार पावले मागे फिरतो, ही गंमत वेगळी.

नोकरीवर असलेल्या मांजरांचे सर्वांत भारदस्त ठिकाण रशियातले. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात उंदीर फार झाले, तेव्हा १७४५ मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथने फर्मान काढले : कझान शहरातून चांगली थोराड, उंदीर धरण्यात तरबेज मांजरे शोधावीत आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसासह दरबारात पाठवावीत. राजवाड्याचे पुढे हर्मिटाज संग्रहालय झाले, झारशाही गेली, क्रांती झाली. मांजरांची नेमणूक कोणी रद्द केली नाही. खंड पडला तो लेनिनग्राडच्या, म्हणजे याच शहराच्या, वेढ्यात (१९४१–४४). माणसेच उपासमारीने मरत होती, तिथे मांजरे कुठून वाचणार? वेढा सैल झाल्यावर उंदरांनी शहर व्यापले, तेव्हा यारोस्लावलहून रेल्वेच्या डब्यांतून मांजरे आणल्याचे सांगतात. आज संग्रहालयाच्या तळघरांत पन्नासेक मांजरे राहतात. त्यांना स्वयंपाक होतो, औषधपाणी होते. चित्रांच्या दालनांत मात्र त्यांना प्रवेश नाही.

रोममधली मांजरे कुणाच्या नोकरीत नाहीत. लार्गो दी तोरे अर्जेंतीना या चौकात, रस्त्याच्या पातळीखाली काही मीटर खोल, रोमन प्रजासत्ताकाच्या काळातल्या चार मंदिरांचे अवशेष आहेत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुसोलिनीच्या राजवटीत ते खणून काढले गेले. इ. स. पू. ४४ मध्ये ज्या सभागृहात ज्यूलियस सीझरचा खून झाला, त्याचा काही भाग याच मंदिरांच्या मागे येतो. ट्रॅफिकच्या गराड्यात माणसांना वर्ज्य झालेला हा खड्डा भटक्या मांजरांना फारच मानवला. त्यांना खाऊ घालणाऱ्या बायकांना रोममध्ये ‘गात्तारा’ म्हणतात. आपल्याकडे रोज संध्याकाळी पिशवीत मासळीची डोकी घेऊन निघणाऱ्या आजीबाई असतात, त्यातलाच प्रकार. १९९०च्या दशकात स्वयंसेवकांनी तिथेच, रस्त्याखालच्या एका जागेत, आश्रयगृह थाटले : लसी, निर्बीजीकरण, आंधळ्या-लंगड्या मांजरांची सोय. इटलीच्या १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांना मारण्यास बंदी घालून त्यांना आहे तिथे राहू देण्याचे ठरवले होते, त्याचाही आधार मिळाला. २०१२ मध्ये पुरातत्त्व खात्याने ही जागा बेकायदा असल्याचे सांगून ती रिकामी करण्याचा तगादा लावला. मांजरप्रेमी रस्त्यावर उतरले आणि आश्रयगृह राहिले. २०२३ मध्ये या अवशेषांतून पर्यटकांसाठी चालण्याची वाट खुली झाली. त्याआधीची कित्येक वर्षे तिथला मुक्त संचार मांजरांचाच होता.

ॲम्स्टरडॅमचे आश्रयगृह तरंगते आहे. हेन्रिएट व्हान वील्डे यांनी १९६६ मध्ये घरासमोरच्या झाडाखालची एक मांजरी पिल्लांसकट उचलून आणली. मग दुसरी आली, तिसरी आली. घर, गच्ची, सगळे भरले. १९६८ मध्ये त्यांनी एक जुनी नाव विकत घेऊन कालव्यात उभी केली. नावेवर घर करणे त्या शहरात नवलाचे नव्हते, पण मांजरांसाठी नाव हा प्रकार नवाच होता. ‘पूझनबोट’ म्हणजे मांजरनौका आजही सिंगेल नावाच्या कालव्यात आहे.

संग्रहालयांबद्दल थोडक्यात. ॲम्स्टरडॅममध्येच १९९० पासून ‘काटनकाबिनेट’ हे मांजरविषयक चित्रांचे आणि शिल्पांचे संग्रहालय आहे. ते मालकाने आपल्या जॉन पीअरपॉन्ट मॉर्गन नावाच्या लाल बोक्याच्या स्मरणार्थ काढले. मलेशियातील सारवाक प्रांताची राजधानी कुचिंग. मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर, त्यामुळे शहरात चौकाचौकांत मांजरांचे पुतळे आणि महापालिकेच्या इमारतीत मांजर संग्रहालय. शहराच्या नावाचा मांजराशी खरेच संबंध आहे का, यावर वाद आहे. एका मतानुसार हे नाव ‘कोचीन’वरून, म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्यावरून गेले. तसे असेल तर सगळे पुतळे एका ध्वनिसाम्यावर उभे आहेत.

फ्लॉरिडातील ‘की वेस्ट’ या बेटावरच्या, अमेरिकी लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या घरात (आता ते संग्रहालय आहे) पन्नास-साठ मांजरे असतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पायांना सहा बोटे असतात (एरवी मांजराच्या पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार). एका जहाजाच्या कप्तानाने दिलेल्या पांढऱ्या मांजरापासून हा वंश चालल्याची कथा पर्यटकांना ऐकवली जाते. कथेपेक्षा खटला अधिक रंजक आहे. ही मांजरे दाखवून तिकीट घेता, तर प्राणीप्रदर्शनाचा कायदा तुम्हाला लागू, असे अमेरिकी कृषी खात्याचे म्हणणे होते. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी बेट रिकामे करण्याचे आदेश निघाले, तरी संग्रहालयाचे काही कर्मचारी ५४ मांजरांसह त्याच घरात थांबले आणि सगळे सुखरूप राहिले.

मांजर-कॅफे हा याच कुळातला शहरी प्रकार. पहिला १९९८ मध्ये तैपेईत निघाला, जपानमधला पहिला २००४ मध्ये ओसाकात. भाड्याच्या घरात प्राणी पाळू न देणाऱ्या जपानी शहरांत तो फोफावला. मुंबईत वर्सोव्याला २०१५ मध्ये असा कॅफे सुरू झाला तो रस्त्यावरच्या मांजरांना घर मिळवून देण्यासाठी.

तैवानमधील होउतोंग या खाणगावाचे नशीब मांजरांनी पालटले. नावाचा अर्थ ‘माकडांची गुहा’. गुहा या अर्थाच्या चिनी अक्षरात पाण्याची खूण येते आणि खाणीत पाणी शिरणे म्हणजे घात. म्हणून खाणकामगारांनी ती काढून दगडाची खूण घातली, असे सांगतात. एके काळी तैवानच्या प्रमुख कोळसा खाणींपैकी एक इथे होती. १९९० मध्ये ती बंद झाली, तरुण माणसे कामासाठी बाहेर गेली आणि उरलेल्या म्हाताऱ्यांच्या ओसऱ्यांवर मांजरे वाढली. २००९ च्या सुमारास मांजरप्रेमी स्वयंसेवकांनी त्यांची देखभाल सुरू करून छायाचित्रे प्रसिद्ध केली. रेल्वे थेट गावात येते, त्यामुळे बघ्यांची रीघ लागली. माकडांच्या गुहेत आता मांजराच्या आकाराचे अननसाचे केक विकतात.

या बाबतीत जपानशी मात्र कोणाची बरोबरी नाही. वाकायामा प्रांतातले किशी हे तोट्यातल्या छोट्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्टेशन २००६ मध्ये कर्मचाऱ्यांविना झाले. शेजारच्या दुकानदारीणबाईंची तामा नावाची तिरंगी मांजरी फलाटावर बसून असे. जानेवारी २००७ मध्ये रेल्वे कंपनीने तिला रीतसर स्टेशनमास्तर नेमले, मापाची टोपी शिवली, पगार खाऊच्या रूपात ठरला. प्रवासी वाढले, मार्ग तगला. २०१० मध्ये स्टेशनाची इमारतच मांजराच्या चेहऱ्यासारखी बांधली. २०१५ मध्ये तामा वारली तेव्हा शिंतो पद्धतीने अंत्यविधी झाला, हजारो लोक आले आणि तिला देवपद देऊन फलाटावर छोटे देऊळ उभारले. तिच्या जागी दुसऱ्या मांजरीची नेमणूक झाली.

मियागी प्रांतातले ताशिरोजिमा आणि एहिमे प्रांतातले आओशिमा ही दोन बेटे जपानमधल्या मांजरबेटांत सर्वांत गाजलेली. ताशिरोजिमावर एदो काळात (१६०३–१८६८) रेशीमकिडे पाळत. उंदीर किडे खात, म्हणून मांजरे ठेवली. रेशीम गेले, मासेमारी आली. कोळी लोक मांजरांच्या वागण्यावरून हवेचा आणि मासळीचा अंदाज बांधू लागले. जाळ्यासाठी दगड फोडताना उडालेल्या एका दगडाने मांजर मेले, तेव्हा हळहळून त्याला जिथे पुरले तिथे बेटाच्या मध्यावर मांजराचे देऊळ आहे. २०११ च्या त्सुनामीने बेटाच्या धक्क्याचे नुकसान केले. बेटावर कुत्रा आणायला मनाई आहे.

आओशिमाला देऊळ प्रसिद्ध नाही, हॉटेल नाही, दुकान नाही. नागाहामा बंदरातून दिवसाला दोन फेऱ्या करणारी छोटी फेरीबोट जाते, समुद्र खवळला की तीही नाही. सार्डिन मासे पकडणाऱ्यांच्या या बेटावर होड्यांतल्या उंदरांवर उपाय म्हणून मांजरे आणली होती. १९४५ मध्ये तिथे सुमारे ९०० माणसे होती, २०१३ मध्ये पन्नासच्या आसपास, नंतर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही सगळी वृद्ध. मांजरे मात्र दोनशेवर गेली. खाणे पुरेना, जवळच्या नात्यातल्या संकरामुळे रोगट पिल्ले होऊ लागली आणि शेवटचा माणूस गेल्यावर यांचे काय, हा प्रश्न समोर आला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे २१० मांजरांचे निर्बीजीकरण झाले. तेव्हापासून संख्या उतरते आहे. धक्क्यावर बोट लागली की मांजरे अजून धावत येतात. त्यांत पिल्लू दिसत नाही.