वस्तऱ्यावरचा लाल गंज आणि काळा थर: घासायचा कुठला, सोडायचा कुठला

जुना वस्तरा कुठल्या ट्रंकेतून निघाला की घरातले सगळे एकच शब्द बोलतात, "गंजलाय". माझ्यासमोर आत्ता पेपरवर दोन पडलेत. एक आजोबांचा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, पातं शाळेच्या पाटीसारखं काळपट. दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी घासाघीस करून उचललेला जर्मन, झोलिंगेनचा, त्याच्यावर तपकिरी नारिंगी पापुद्रे. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच भंगार, पण खरं सांगायचं तर यातल्या एकालाच तातडीनं काहीतरी करायची गरज होती आणि तो आजोबांचा नव्हे.

विळी आठवा. केळफूल नि कच्ची केळी चिरून चिरून तिचं पातं काळं होतं, त्याला कुणी हात लावत नाही. पण तीच विळी ओली तशीच राहिली आणि सकाळी नारिंगी ठिपके दिसले की ज्यानं ठेवली त्याची बोलणी खायची वेळ येते. वस्तऱ्याचंही तेच आहे. हे जुने वस्तरे साध्या कार्बन पोलादाचे, हॅरी ब्रिअर्ली या इंग्रज धातुतज्ज्ञानं सहसा न गंजणारं स्टेनलेस पोलाद शोधलं ते १९१३ साली (तेही शेफिल्डमध्येच), त्यामुळे त्याआधीचा वस्तरा म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारच.

लाल गंज म्हणजे लोखंड, हवा आणि पाणी यांचं मिळून झालेलं फुगीर प्रकरण. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात, मधे भेगा राहतात, भेगांत ओल धरून राहते आणि खाली पोलाद खाणं चालूच राहतं. काळा थरही लोखंड आणि ऑक्सिजनचाच, पण बहुतेक करून मॅग्नेटाइट जातीचा, घट्ट, पात्याला कातडीसारखा चिकटलेला. तो गंजापासून पूर्ण वाचवत नाही, पण स्वतः पसरतही नाही. तेलाचं बोट मिळालं तर वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो.

ओळखायचं कसं, तर पांढऱ्या सुती फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्या आणि पाठीकडून पातं हळू पुसा. लाल गंज असेल तर फडकं विटकरी होतं, गव्हावरचा तांबेरा बोटाला लागतो ना अगदी तसं, दहा वेळा पुसलं तरी रंग येतच राहतो. काळा थर पहिल्या एक-दोन वेळा मळ सोडतो, मग फडकं स्वच्छ येतं आणि पातं मात्र काळंच.

आता खरी गोची इथे आहे की काळं दिसतं ते सगळं थरच असतं असं नाही. कधीकाळी लाल गंजानं खाऊन ठेवलेला खड्डाही जुना झाला की आतून काळाच दिसतो. सुई घ्या आणि अजिबात दाब न देता ठिपक्यावरून सरकवा, थर असेल तर सुई सरळ घसरत जाते, खड्डा असेल तर टोक टक्कन अडतं, बोटाला कळतं. पात्याच्या पोटात असे खड्डे असले तर खुशाल असू देत, दाढीला काही फरक पडत नाही. पण धारेजवळचे दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली बघाच, कारण दगडावर धार लावता लावता कड मागे सरकते आणि ज्या दिवशी ती खड्ड्यापर्यंत पोचते त्या दिवशी तिथे करवतीचा दात तयार होतो आणि गालावर केस कापण्याऐवजी उपटले जातात. जुना वस्तरा विकत घेताना मी चकाकी बघत नाही, धारेलगतचे दोन मिलिमीटर बघतो.

लाल गंज काढायचा तो तेलानं. रात्रभर मशीनच्या तेलात भिजवायचं, खोबरेल नको, ते कालांतरानं खवट होतं. सकाळी चार शून्यवाली सगळ्यात बारीक स्टील वूल घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासायचं, पाठीकडून धारेकडे कधीच नाही, नाहीतर बोट जाईल. धारेला टेप लावा किंवा बुचात खाच पाडून ती बसवा. मुठीच्या दोन पट्ट्यांमधे, खिळ्याजवळ, गंज दडून असतो, तिथे मी जाड सुती दोरा तेलात बुडवून ओवतो आणि ताक घुसळल्यासारखा पुढेमागे ओढतो. पितळेच्या वॉशरवर हिरवा कळंक असला तर तोही यातच निघतो.

वॉटर पेपर मात्र शेवटचा उपाय आणि ग्राइंडरला लावायचं बफ तर नकोच. पातं पोटात इतकं पातळ असतं की मशीनवर क्षणात तापतं, निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा, मग ती जागा धार धरत नाही. शिवाय घासताना पात्यावरचा कारखान्याचा छाप पुसट होतो. छापावर देशाचं नाव असणं हाही एक पुरावा आहे, कारण अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि त्यानंतर 'इंग्लंड', 'जर्मनी' असे शब्द सर्रास दिसायला लागले. काही पात्यांवर सोनेरी नक्षी असते, तो सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की मेटल पॉलिशनं दोन हातांत गायब होतो, तिथे फक्त साबण-पाणी.

माझ्या पहिल्या वस्तऱ्याला मी चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवला होता, पितळेचा तांब्या लखलखतो मग हा का नाही, असा हिशोब. सकाळी गंज गेला होता हे खरं, पण पोलादही खाल्लं होतं, सगळं पातं निस्तेज करडं आणि मिठानं टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडलेली. आम्ल गंजापाशी थांबत नाही.

काळ्या थराचं काय करायचं, तर काही नाही. साबणानं धुवायचं, कोरडं करायचं, स्पिरिट फिरवायचं (कुणाची दाढी झाली असेल काय माहीत), तेलाचा हात. आरशासारखं पॉलिश करून विकणारे असतात, मला ते म्हाताऱ्या माणसाला कलप लावल्यासारखं वाटतं, पण तो आवडीचा प्रश्न झाला.

लाल गंजाचा एक प्रकार मात्र काढला तरी परत येतो. मुठीवर अंगठा जोरात चोळा आणि वास घ्या, देव्हाऱ्यातल्या कापराचा वास आला तर मूठ सेल्युलॉइडची, त्यात कापूर घातलेला असतो. हे सेल्युलॉइड जुनं होऊन बिघडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि मिटलेल्या पात्याचा जेवढा भाग मुठीत असतो नेमका तेवढाच लाल होतो. जर्मन वस्तऱ्याचं हेच निघालं, आठवड्यात दोनदा साफ केला तरी तीच रेघ परत. (तापलेल्या सुईनं मूठ तपासू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.) शेवटी मूठ काढून टाकली, शिंगाची बसवायची आहे, तोवर पातं तेलकट कागदात आणि मूठ वेगळी, हवेशीर जागी.

आजोबांच्या पात्यावर धारेपासून तीन मिलिमीटरवर एक काळा ठिपका आहे, सुई तिथे किंचित अडते. दर महिन्याला फूटपट्टी ठेवून फोटो काढतो. सात महिने झाले, तेवढाच आहे.