कुरोपालातेस

बायझंटिन दरबारातील एक वरिष्ठ मानपद. मूळचे काम राजवाड्याच्या देखरेखीचे, पण पहिल्या जस्टिनियनचा भाचा दुसरा जस्टिन सम्राट होण्यापूर्वी (इ.स. ५६५) या पदावर होता आणि पुढे ते राजघराण्यातील माणसांपुरतेच राखले जाऊ लागले. फिलोथेओस या अधिकाऱ्याने ८९९ मध्ये शाही मेजवानीत कोणी कोणाच्या वर बसायचे याची यादी केली. तिच्यात सीझर व नोबेलिसिमोस यांच्यानंतर कुरोपालातेसचा क्रम लागतो. अशा पदांना पोशाख, मानचिन्हे आणि ‘रोगा’ नावाचा वार्षिक तनखा असे. इटलीहून वकील म्हणून आलेल्या लिउटप्रांडने ९५० मध्ये हे वाटप पाहिले. कुरोपालातेसहून खालच्या मागिस्ट्रोस दर्जाच्या प्रत्येकाला २४ पौंड सोने मिळत होते.

राजघराण्याबाहेर हा मान प्रामुख्याने गेला तो कॉकेशसमधील इबेरियाच्या (आजचा पूर्व जॉर्जिया, स्पेनच्या द्वीपकल्पाशी संबंध नाही) राज्यकर्त्यांकडे. सहाव्या शतकाच्या अखेरीस ग्वारामला आणि नवव्या शतकाच्या प्रारंभी बाग्रातियोनी घराण्यातील पहिल्या आशोतला तो मिळाला. आशोतच्या वंशजांकडे तो जवळजवळ वंशपरंपरेने चालला, तरी प्रत्येक वेळी सनद कॉन्स्टँटिनोपलहूनच यावी लागे. त्यांच्यापैकी आदार्नासेने ८८८ मध्ये राजा ही पदवी घेतली. दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन मात्र आपल्या ग्रंथात इबेरियाच्या शासकाला कुरोपालातेसच म्हणतो.

ताओ या जॉर्जियाच्या नैऋत्येकडील मुलखाचा शासक तिसरा डेव्हिड हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. बायझंटिन सेनापती बार्दास स्क्लेरोसच्या बंडात त्याने सम्राट दुसऱ्या बॅसिलला घोडदळ पाठवले आणि मोबदल्यात मोठा मुलूख मिळवला. पुढच्या, बार्दास फोकास या दुसऱ्या सेनापतीच्या बंडात तो बंडखोरांच्या बाजूला गेला. ते फसल्यावर आपल्या पश्चात मुलूख सम्राटाकडे जाईल, हे त्याला कबूल करावे लागले. तो १००० च्या सुमारास मरण पावताच बॅसिल ताओत दाखल झाला. डेव्हिडचा दत्तक पुत्र बाग्रात याला त्याने कुरोपालातेस केले, तर बाग्रातचा जन्मदाता गुर्गेन याला त्याहून खालचे मागिस्ट्रोस पद दिले. बापलेकांत तेढ पाडण्यासाठीच हे केले, असे जॉर्जियन इतिवृत्तकार सुम्बात सांगतो. आरोप पटण्याजोगा आहे, पण डाव साधला नाही: १००८ मध्ये गुर्गेनच्या मृत्यूनंतर त्याचे राज्यही बाग्रातकडेच आले.

अकराव्या शतकात पदांची खिरापत सुरू झाली. सम्राट सातव्या मायकेलने १०७४ मध्ये दक्षिण इटलीतील नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कारला नोबेलिसिमोस आणि त्याच्या एका मुलाला कुरोपालातेस पद देऊ केले. जॉर्जियाच्या राजांना आता याहून वरचे मान लागत: चौथ्या बाग्रातच्या नाण्यांवर नोबेलिसिमोस व सेबास्तोस, तर त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज याच्या नाण्यांवर सीझर ही पदवी आढळते.