पोकलेन तासाला किती माती काढते? हिशेबामागची पार्श्वभूमी

पोकलेन तासाला किती माती काढेल हे ठरवण्याआधी ती माती कुठे जाणार हे बघावं लागतं. मोठ्या यंत्रांच्या कामात हा क्रम ठळकपणे दिसला तो पनामा कालव्यावर.

अमेरिकेने १९०४ मध्ये काम हाती घेतलं आणि कुलेब्राच्या डोंगरात लगोलग खोदाई सुरू केली. रूळ आधी कालवा खोदू पाहणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या काळातले, डबे छोटे. गाड्या घसरायच्या आणि वाफेची फावडी, म्हणजे वाफेवर चालणारी खोदाईची यंत्रं, रिकाम्या डब्यांची वाट बघत उभी राहायची. जुलै १९०५ मध्ये मुख्य अभियंता म्हणून आलेल्या जॉन स्टीव्हन्सने खोदाईच थांबवली. हा मुळात रेल्वेचा माणूस. कुलेब्रा त्याच्या लेखी मालवाहतुकीचा प्रश्न होता. त्याने पनामा रेल्वेचा मार्ग दुहेरी करायला घेतला आणि भरलेली गाडी उताराने, रिकामी चढाने जाईल असे रूळ आखले. ब्युसायरस कंपनीचं ९५ टनी फावडं एका घासात ५ घनयार्डांपर्यंत उचलायचं, त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. माझ्या मते गाडी रिकामी करण्याची युक्ती त्याहून मोलाची. वीसेक सपाट डबे, एक बाजू उघडी, डब्यांमधल्या फटींवर लोखंडी पत्रे. शेवटच्या डब्यावरचा माती ढकलणारा नांगर पुढच्या वाफेच्या विंचने तारेने ओढला की दहाएक मिनिटांत अख्खी गाडी मोकळी.

तरी अंदाज चुकलेच. ऑक्टोबर १९०७ मध्ये कुकराचाची दरड सरकली आणि पुढे अशा दरडी येतच राहिल्या. खोदलेली जागा पुन्हा पुन्हा उपसावी लागली.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबातही वाहतूक होतीच. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. खड्डा मोजायचा आणि माती किती लांब नेली ती लीड, किती उंच चढवली ती लिफ्ट, यांवर दर लावायचा. मोजणीत वाद नको म्हणून खड्ड्यात मूळ जमिनीचा एखादा खुंट न खोदता ठेवायचा. रोजगार हमीच्या पाझर तलावांवरही मजुरी मोजमापावरच निघायची. गंमत म्हणजे यंत्र आल्यावर लीड दरसूचीत राहिली, पण अनेक ठेकेदारांच्या डोक्यातून गेली.

आता एक उदाहरण मांडू. बकेट ०.९ घनमीटर, ती सरासरी ९० टक्के भरते, म्हणजे ०.८१ घनमीटर सुटी माती. खोदल्यावर साधी माती सुमारे २५ टक्के फुगते, म्हणून जमिनीतली माती निघते ०.६५ घनमीटर. एक फेरी २२ सेकंदांची, आणि तासातली ५० मिनिटंच कामाची धरायची. उरलेली मिनिटं यंत्र सरकवण्यात, डिझेलमध्ये, रांग लावण्यात जातात. उत्तर येतं तासाला सुमारे ८८ घनमीटर. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: बिल जमिनीतल्या किंवा दाबलेल्या मातीचं निघतं आणि साइटवर हायवा, म्हणजे मोठे डंपर, मोजले जातात सुट्या मातीचे. खडकात फुगवटा ५० टक्क्यांच्या घरात जातो, तेव्हा ही चूक आणखी महागात पडते.

हायव्यात १२ बकेट, म्हणजे भरायला ४.४ मिनिटं. टाकायची जागा ४ किलोमीटरवर. भरलेला हायवा ताशी २० किलोमीटरने १२ मिनिटं घेतो, रिकामा ३० ने ८ मिनिटं. वळवून लावायला आणि ओतायला अडीचेक. पूर्ण फेरी २७ मिनिटांची. २७ ला ४.४ ने भागलं तर ६ च्या किंचित वर, म्हणजे ६ हायवे लावले तर पोकलेन जवळपास थांबत नाही. ५ लावले तर उत्पादन तासाला ७२ घनमीटरवर येतं, मग पोकलेन कितीही दमदार असो.

१ लाख घनमीटरच्या कामाला, ८ तासांच्या पाळीत, ६ हायव्यांनी सुमारे १४२ दिवस लागतात. ५ हायव्यांनी १७४. महिन्याला २५ कामाचे दिवस धरले आणि काम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झालं, तर पहिलं मेच्या पहिल्या आठवड्यात उरकतं. दुसरं जूनच्या मध्यापर्यंत जातं. तोवर पाऊस लागलेला असतो, काळी माती बकेटला चिकटते, हायवा चाकाएवढ्या चिखलात रुततो, आणि उरलेली खोदाई दिवाळीनंतरवर जाते.