रोही-हरणांचा बंदोबस्त (विदर्भ)

गावशिवारात वाढलेल्या रोही, काळवीट, चितळ यांच्यापासून पीक वाचवायला आणि त्यांची संख्या आवरायला शेतकरी, ग्रामपंचायत आणि वनविभाग जी खटपट करतात तिला हे नाव. विदर्भात रोही म्हणतात ती हिंदीतली नीलगाय. नावात गाय असली तरी ती गाय नाही आणि खरं तर हरीणही नाही, आशियातला सगळ्यात मोठा कुरंग आहे, नर दोन क्विंटलच्या वर भरतो. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात नि नवी येतात, रोह्याची आणि काळवीटाची एकदा आली की आली. वावरात घुसल्यावर मात्र आम्ही सगळ्यांनाच हरणं म्हणतो.

कळप वाढायची कारणं सरळ आहेत. रोहीची मादी आठेक महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. माळावरचे लांडगे जवळपास संपले, आणि ताडोबा-टिपेश्वरकडे वाघ असला तरी अकोला, अमरावती, वाशिमच्या काळ्या रानात तो सहसा नाही. ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक जमीन, झुडपी जंगल, गायरान वहितीखाली गेलं, मग त्या जनावरानं चरावं कुठं? वाशिम जिल्ह्यात काळवीटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे पण ते जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, कळप संध्याकाळ झाली की धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून हरभऱ्यात येतो.

नुकसान खाण्यापेक्षा तुडवण्यानं जास्त होतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी वावरात गेलं की हरभऱ्याचे शेंडे कातरल्यासारखे दिसतात, मधोमध खुरांची वाट पडलेली, झाडं जमिनीला चिकटलेली, आणि त्यावर आंबेचा, म्हणजे हरभऱ्याच्या पानावर धरणाऱ्या खारट-आंबट दवाचा, तो वास. रोही लेंड्या रोज त्याच जागी टाकतात, म्हणून धुऱ्याजवळ लेंड्यांचा ढीग वाढत चालला की समजायचं, कळप इथंच मुक्कामी आहे. सोयाबीन उगवलं की त्याचे कोवळे कोंब, नंतर तुरीचा फुलोरा, मग हरभरा, वर्षभर त्यांना काही ना काही मिळतंच.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे जागल. दिवाळीपासून हरभरा निघेपर्यंत माणूस रातभर मचाणावर किंवा खोपडीत, अंगावर घोंगडी, हातात टॉर्च, टिनाचा डबा, खाली शेकोटी. टॉर्च मारला की अंधारात हिरवट डोळ्यांच्या जोड्या चमकतात, डबा वाजवला की पळतात आणि तासाभरात दुसऱ्या कोपऱ्यातून येतात. दिवसभर राबलेला माणूस सलग तीन-चार महिने झोपत नाही, साप-विंचू आणि रानडुकराची भीती वेगळीच, आणि या रात्रींची मजुरी पिकाच्या हिशोबात कुठंच धरली जात नाही. मला तर हेच सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

मग कुंपण आलं. जुन्या साड्या धुऱ्याला बांधतात, त्याचा धाक आठ-पंधरा दिवस, जनावर लवकर सरावतं. आता घरोघरी कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी सोलरवरची झटका मशीन दिसते, तिचा झटका क्षणभराचा असतो, थांबून थांबून येतो, जनावर दचकतं पण मरत नाही. काही जण मात्र लाईनचा करंट सरळ तारेत सोडतात, तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही गेलीत. २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात जय या नावाजलेल्या वाघाचा बछडा श्रीनिवास असाच शेताच्या तारेला लागून मेला.

वन्यजीव संरक्षण कायद्यानं १९७२ पासून शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना परवानगी घेऊन मारायची सोय राज्यानं २०१५ साली केली, पण गावात परवान्याची बंदूक कोणाकडं आहे? आणि रोह्यावर गोळी झाडायला पुष्कळांचं मनही होत नाही. काळवीट त्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये असल्यानं त्याचं संरक्षण आणखी कडक आहे. बिहारच्या काही जिल्ह्यांत केंद्रानं २०१५च्या शेवटी वर्षभरासाठी रोहीला उपद्रवी ठरवलं होतं. मध्य प्रदेशानं दुसरी वाट धरली, २०२५ साली शाजापूरकडे हेलिकॉप्टरनं कळप हाकून बोमात, म्हणजे नरसाळ्यासारख्या आवारात घेतले आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले. माझ्या मते आपल्याकडं काळवीटांसाठी हे करून बघायला पाहिजे.

भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज करावा लागतो, मग पंचनामा. आमच्याकडं एकदा पंचनाम्याला माणूस आला तोवर तुडवलेला हरभरा वाळून गेला होता, खुरांवर पाऊस पडून गेला होता, दाखवायला काही उरलंच नव्हतं. म्हणून सकाळीच फोटो काढायचे, खुरं आणि लेंड्या फोटोत आल्या पाहिजेत.

एकट्यानं तार लावली की कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो, शेजाऱ्यानं लावली की त्याच्या पुढच्याच्या, शेवटी ज्याला मशीन परवडत नाही त्याच्याच तुरीवर सगळा भार येतो आणि धुऱ्यावरून भांडणं होतात. म्हणून शिवाराला मिळून एकच कुंपण लावावं, वर्गणी एकरावर ठेवावी. रोही उंच उडी मारतो, तेव्हा वरची तार माणसाच्या डोक्याच्या वर पाहिजे, आणि पावसाळ्यात तारेखालचं गवत दर आठवड्याला कापायची पाळी लावावी लागते, कारण ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कळपाला ते दोन रात्रीत कळतं.