आतिथ्य व्यवसायातील कामगार-टंचाई, सोलापूर

सोलापूर शहर व जिल्ह्यातील हॉटेले, खानावळी, ढाबे आणि लॉज यांना आचारी, तंदूरवाले, वाढपी व भांडी घासणारे मदतनीस यांची जी कमतरता भासते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. येथील पर्यटन मुख्यत्वे तीर्थयात्रेचे असल्याने टंचाई वर्षभर सारखी नसते.

तिचा आरंभ केव्हा झाला याविषयी एकमत नाही. एका मतानुसार मार्च 2020 मधील टाळेबंदीत गावी गेलेले परप्रांतीय कामगार पुरेशा संख्येने परतले नाहीत. शिवाय 2020 व 2021 या दोन्ही वर्षी मानाच्या पालख्या एसटी बसने पंढरपुरास नेल्या गेल्याने वारीवर चालणारा धंदाही थांबला होता. दुसरे मत मूळ त्याआधी शोधते. मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्यानंतर तरुणांचा ओढा पुण्याकडे वाढला. तसेच 10 ऑक्टोबर 2006 पासून 14 वर्षांखालील मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामास ठेवण्यास बंदी आल्याने टेबल पुसणाऱ्या, पाणी देणाऱ्या ‘पोऱ्या’चे स्वस्त श्रम कायद्याने थांबले, आणि ते थांबणे उचितच होते. ही दुसरी उपपत्ती अधिक पटण्याजोगी आहे, कारण यंत्रमाग व विडी यांवर जगणाऱ्या या शहरात हातांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती या धंद्याच्या वेळा आणि पगार पत्करणाऱ्यांची. घरी बसून नगावर विड्या वळणाऱ्या स्त्रीला रात्री अकरापर्यंतची हॉटेलची पाळी सहसा सोयीची नसते.

पंचांगाचा प्रश्न मात्र दोन्ही मतांत दुर्लक्षित राहिला आहे. छठपूजा कार्तिक शुद्ध षष्ठीस येते आणि पंढरपूरची कार्तिकी एकादशी त्यानंतर पाचच दिवसांनी. त्यामुळे बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील कामगार रजेवर जाण्याचा आणि गर्दी चढण्याचा काळ एकच ठरतो. नेपाळी कामगारांचे दशैं, म्हणजे त्यांचा दसऱ्याचा मोठा सण, आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत चालते. नेमके तेच दिवस शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या नवरात्राचे आणि कोजागरीला सोलापुरातून तिकडे पायी निघणाऱ्या भाविकांचे असतात. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी ऊसतोडीचा हंगाम भरात असतो, त्यामुळे खेड्यांतूनही माणूस मिळणे अवघड होते. हंगामापुरता आचारी धरून ठेवण्यासाठी मालक उचल देतात, पण वरचढ उचल देणारा भेटला की तो मध्येच काम सोडतो.

ज्वारीच्या भाकरीचे काम अद्याप स्थानिक स्त्रियांकडे आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते गरम पाण्यात मळून, हातावर वा परातीत थापावे लागते. हे कौशल्य बाहेरून आलेल्या तंदूरवाल्याकडे सहसा नसते, त्यामुळे भाकरी करणारी बाई आली नाही की खानावळीत त्या दिवशी चपातीवर भागवले जाते.

अन्नछत्रे व मठांतील बरेचसे काम सेवेकरी विनामोबदला करत असल्याने तेथील मनुष्यबळ कामगारांच्या हिशेबात धरले जात नाही.