सफारीचं बुकिंग रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? व्याघ्र प्रकल्पांच्या प्रवेश परवान्याचे नियम, कागदपत्रं आणि अर्ज

ताडोबा, पेंच, मेळघाट किंवा नागझिऱ्याचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं, आणि इतक्या आधी ठरवलेला बेत कधीकधी मोडतो. परीक्षेची तारीख बदलते, घरात आजारपण निघतं, रजा मंजूर होत नाही. शनिवार-रविवारच्या वाढीव दराने पूर्ण जिप्सी (सफारीची उघडी गाडी) घेतली असेल तर अडकलेली रक्कमही लहान नसते. अशा वेळी लोक आधी रिसॉर्टला फोन करतात, मग गाईडला, मग ओळखीच्या वनरक्षकाला. यांपैकी कुणाच्याही हातात परतावा नसतो.

आधी एक गोष्ट पक्की करा: सफारी कुणामुळे झाली नाही? वनविभागाने प्रवेश बंद केला असेल तर पैसे मागण्याची तुमची बाजू भक्कम आहे. तुम्हालाच जाता आलं नसेल तर बुकिंग करताना मान्य केलेल्या अटी लागू होतात, आणि त्या कडक असतात. तिसरी शक्यता म्हणजे पैसे कापले गेले पण बुकिंग झालंच नाही. त्याचे नियम वनविभागाचे नसून रिझर्व्ह बँकेचे आहेत, आणि ते ग्राहकाच्या चांगलेच बाजूचे आहेत.

अटी इतक्या कडक का

आपण तिकीट काढतो असं वाटतं, पण कायद्याने हा प्रवेश परवाना आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात जाण्याचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन यांच्याबरोबर पर्यटन हेही त्यासाठीचं एक कारण कलमात दिलेलं आहे. कलम ३५(८) मुळे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. परवाना विहित शुल्क घेऊन आणि अटी घालून दिला जातो. तो ठरावीक माणसाचा, ठरावीक गेटचा, ठरावीक तारखेचा आणि सकाळ किंवा दुपारच्या एकाच फेरीचा असतो.

म्हणून तो दुसऱ्याला विकता येत नाही, आणि मित्राच्या नावावर आपण जाऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक गेटवर एका फेरीत किती गाड्या सोडायच्या याची मर्यादा असते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी गाभा क्षेत्राच्या (कोअर, म्हणजे प्रकल्पाच्या सर्वाधिक संरक्षित भागाच्या) जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनाला मुभा ठेवली आहे. ऐनवेळी रद्द झालेली जागा कुणालाच मिळत नाही. ती वाया जाऊ नये म्हणून शेवटच्या दिवसांत कपात वाढत जाते. मला हे तत्त्व रास्त वाटतं. मात्र अटी बुकिंगच्या पानावर ठळक दिसायला हव्यात, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे.

तुम्हीच रद्द केलं तर

प्रत्येक प्रकल्पाच्या अटी वेगळ्या असतात आणि हंगामागणिक बदलू शकतात. म्हणून मित्राने मागच्या वर्षी सांगितलेल्या टक्केवारीवर विसंबू नका. बुकिंगच्या दिवशी संकेतस्थळावर असलेल्या अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण पुढे वाद झाला तर त्या दिवशीच्या अटी कोणत्या होत्या हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

जिथे रद्द करण्याची सोय असते, तिथे सहसा टप्पे असतात: तारीख जितकी लांब तितकी कपात कमी, आणि अगदी जवळ आल्यावर परतावा शून्य. काही ठिकाणी रद्द करण्याची सोयच नसते. तत्काळ प्रकारचं बुकिंग तर पैसे परत मिळणार नाहीत असं धरूनच करावं.

पावतीवरची रक्कम एकसंध नसते, हेही पाहून घ्या. त्यात प्रवेश शुल्क, वाहनाचं भाडं, गाईडचं मानधन आणि ऑनलाइन सेवेचं शुल्क असे भाग असू शकतात. काही ठिकाणी हे सगळं एकदम ऑनलाइन भरावं लागतं, काही ठिकाणी जिप्सी आणि गाईडचे पैसे गेटवर देतात. ऑनलाइन सेवेचं शुल्क परत येईल असं धरू नका. मिळणारा परतावा नेमका कोणत्या रकमेवर मोजला आहे, ते बघा.

जिप्सीतल्या सहापैकी एक जण येणार नसेल तर? पूर्ण जिप्सीचं बुकिंग असेल तर गाडी आणि गाईड तेवढेच लागतात, त्यामुळे एका माणसापुरते पैसे मागण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या जागी दुसरा घेता येईल का, हे नाव बदलण्याच्या अटीवर अवलंबून आहे. अशी सोय असली तरी ती ठरलेल्या मुदतीत, संकेतस्थळावरूनच करावी लागते. गेटवर विनवणी करून नाव बदलत नाही, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला तसं करायला लावणंही योग्य नाही.

गेटवर उशिरा पोहोचलात, किंवा मूळ ओळखपत्र घरी राहिलं म्हणून प्रवेश नाकारला गेला, तर ती तुमची अनुपस्थिती धरली जाते. वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. परवाना जंगलात जाण्याचा आहे.

बंद करण्याचा निर्णय वनविभागाचा असेल तर

पाऊस, वणवा, रस्ता खचणं, सुरक्षेचं कारण, न्यायालयाचा आदेश अशा कारणांनी प्रवेश थांबवला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे २४ जुलै ते १६ ऑक्टोबर २०१२ या काळात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबलं होतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरातली उद्यानं बंद झाली. अशा वेळी सहसा दोन पर्याय पुढे येतात: पैसे परत किंवा दुसरी तारीख. दुसरी तारीख स्वीकारली की परताव्याचा मुद्दा संपतो, म्हणून हो म्हणण्याआधी घरच्या सगळ्यांना ती जमते का ते विचारून घ्या. बदली गेट दिलं आणि तुम्ही तिथून आत गेलात, तरीही तेच.

नेहमीची साप्ताहिक सुट्टी मात्र यात येत नाही. ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं, मध्य प्रदेशातल्या कान्हा आणि पेंचमध्ये बुधवारी दुपारची फेरी नसते. ताडोबाचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं बुकिंग करताना पाऊस लवकर लागला तर काय, याचा विचार आधीच करा.

जिप्सी मध्येच बंद पडली आणि फेरीचा बराच वेळ गेला, तर गेट सोडण्यापूर्वी तिथल्या नोंदवहीत तक्रार लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या. घरी आल्यावर पाठवलेल्या ईमेलपेक्षा त्या दिवशीच्या नोंदीला जास्त वजन असतं.

पैसे कापले, परवाना आला नाही

बुकिंग उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत हे सर्रास होतं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी मुदत ठरवलेली आहे. कार्डाने ऑनलाइन किंवा यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्या यंत्रणेला व्यवहार झाल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी १०० रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे.

इथे तक्रार बँकेकडे करायची. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. मात्र बँक म्हणाली की पैसे समोर पोहोचले आहेत, तर व्यवहार क्रमांकासह प्रकल्पाच्या बुकिंग कक्षाला लिहा. घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी आपल्या लॉगिनमध्ये झालेल्या बुकिंगची यादी उघडून पाहा. परवाना तिथे तयार असतो आणि फक्त ईमेल आलेला नसतो, असंही होतं.

परतावा कोण मागू शकतो, काय लागतं

ज्याच्या लॉगिनवरून बुकिंग झालं त्यानेच अर्ज करावा. पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डातून गेले, सहसा तिथेच परत येतात. ते खातं दरम्यान बंद केलं असेल तर अर्जात तसं लिहून नव्या खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडा.

जवळ ठेवायचे कागद:

- परवान्याची प्रत, त्यावर बुकिंग क्रमांक, गेट, तारीख आणि फेरी दिसली पाहिजे
- पैसे गेल्याचा पुरावा: बँकेचा उतारा किंवा यूपीआय व्यवहार क्रमांक
- अर्जदाराचं ओळखपत्र, बुकिंगमध्ये नोंदवलेलंच
- बुकिंगच्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट
- प्रवेश बंद होता तर त्याची सूचना, एसएमएस किंवा बातमीचं कात्रण
- आजारपण किंवा मृत्यूचं कारण असेल तर त्याचं प्रमाणपत्र (अटींमध्ये सवलत नसेल तर याने हक्क तयार होत नाही, पण सहानुभूतीने विचार करण्याची विनंती करता येते)

ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे आणि यूपीआय पिन कोणत्याही परताव्याला लागत नाहीत. कुणी मागितले तर तो चोर आहे. फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

ऑनलाइन रद्द करण्याचं बटण असेल तर तेच वापरा, कारण त्यात वेळेची नोंद आपोआप होते आणि टप्पा कोणता यावर वाद राहत नाही. बटण नसेल किंवा बंदीमुळे सफारी हुकली असेल तर लेखी अर्ज करा. ताडोबासाठी तो असा:

प्रति,
मा. क्षेत्र संचालक,
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर

विषय: बुकिंग क्रमांक ……… च्या रकमेचा परतावा मिळणेबाबत

महोदय,
मी दिनांक ……… रोजी ……… गेटवरील सकाळच्या/दुपारच्या फेरीसाठी रु. ……… भरून परवाना घेतला होता. दिनांक ……… रोजी ……… या कारणाने प्रवेश बंद ठेवण्यात आल्याने सफारी होऊ शकली नाही. मला पर्यायी तारीख नको आहे. भरलेली पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी आणि परतावा नाकारायचा असल्यास लागू असलेल्या नियमाचा उल्लेख करून लेखी कळवावे, ही विनंती. कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

नकार द्यायचा असल्यास नियमासह लेखी कळवण्याची विनंती गाळू नका. नियम लिहून द्यायची वेळ आली की फाइल हलते. अर्ज ईमेलने पाठवा आणि एक प्रत पोहोचपावतीच्या टपालानेही.

उत्तर आलं नाही तर ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. माहितीच्या अधिकाराचा अर्जही उपयोगी पडतो: बुकिंगच्या तारखेला लागू असलेल्या परताव्याच्या नियमांची प्रत आणि प्रवेश बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत, एवढंच मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो.

रिसॉर्ट किंवा एजंटने बुकिंग केलं असेल तर

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. परवान्याचे पैसे एजंटच्या खात्यातून गेले, म्हणून परतावाही त्याच्याच खात्यात येतो. तुमचा व्यवहार एजंटशी आहे आणि खोली, जेवण, गाडी यांच्या रद्द करण्याच्या अटी त्याच्या स्वतःच्या असतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी फोड मागा: परवान्याचे किती, राहण्याचे किती, त्याचं शुल्क किती. बुकिंग झाल्याबरोबर मूळ परवान्याची प्रत मागा. ती देण्याची टाळाटाळ होत असेल तर बुकिंग झालंच नसण्याची शक्यता धरा.

स्वतः बुकिंग करताना पत्ता नीट वाचा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांची अधिकृत बुकिंग स्थळं ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात. शोधयंत्रात वर दिसणारी जाहिरात म्हणजे सरकारी पान नव्हे.

एजंटने परतावा दाबून ठेवला तर आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो.