डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि त्याची लघुप्रतिकृती

डब्ल्यूडीएम-२ : भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गांवर १९६२ पासून धावलेले, २,६०० अश्वशक्तीचे डिझेल-विद्युत इंजिन, तसेच छंद म्हणून घरातल्या रुळांवर चालवली जाणारी त्याची लहान प्रतिकृती. नावातील ‘डब्ल्यू’ रुंदमापाचे, ‘डी’ डिझेलचे आणि ‘एम’ प्रवासी व माल अशा मिश्र कामाचे अक्षर आहे.

मूळ आराखडा अमेरिकेतील स्कनेक्टेडी येथील अल्को कंपनीचा (डीएल५६०सी). त्याआधी १९५७ च्या सुमारास आलेल्या, त्याच कंपनीच्या शंभर डब्ल्यूडीएम-१ इंजिनांना चालककक्ष एकाच टोकाला होता. त्यामुळे परतीच्या फेरीला इंजिन फिरवून घ्यावे लागे किंवा दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडावी लागत. नव्या इंजिनात कक्ष एका टोकाजवळ पण दोन्ही दिशांना खिडक्या असलेला, आणि दोन्हीकडचे हूड (यंत्रे झाकणारी आवरणे) अरुंद, अशी रचना होती. लांब हूड पुढे ठेवूनही गाडी हाकता येई. मात्र समोरचे दृश्य अरुंद होई.

अल्कोचीच निवड का झाली, याबद्दल दोन मते आढळतात. १९६२ मध्येच जनरल मोटर्सची, तितक्याच शक्तीची ७२ इंजिने डब्ल्यूडीएम-४ या नावाने आली होती. एका मतानुसार ती तांत्रिकदृष्ट्या सरस होती, परंतु तंत्रज्ञान हस्तांतरित करण्यास अल्को राजी झाली आणि जनरल मोटर्स झाली नाही. दुसऱ्या मतानुसार डब्ल्यूडीएम-१ मुळे अल्कोच्या यंत्रणेचा सराव आधीच झालेला होता, तोच निर्णायक ठरला. ही मते परस्परविरोधी नाहीत. तरी वाराणसीत कारखाना उभा राहिलेला असताना इंजिन देशात बनवता येणे हेच मुख्य कारण असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘पहिले भारतीय’ कोणते, हाही असाच वादाचा मुद्दा. अल्कोने तयार करून पाठवलेले पहिले इंजिन क्रमांक १८०४०. वाराणसीतून जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलेले १८२३३. परंतु दुसरेही अमेरिकेहून आलेल्या भागांची जुळणी करून बनलेले होते, म्हणून त्याला देशी बनावटीचे न म्हणता देशात जुळलेले म्हणणे अचूक ठरेल. अल्कोचे इंजिन-उत्पादन १९६९ मध्ये थांबले. वाराणसीत मात्र हा आराखडा १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला आणि अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

आतील १६ सिलिंडरांचे चतुर्घाती डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि त्या विजेवर सहा आसांवरील सहा मोटारी चालतात. चालकाच्या हँडलला आठ नॉच (शक्ती वाढवण्याच्या पायऱ्या) असतात. नॉच वाढवताच डिझेल लगेच वाढते. यंत्रात दाबाने हवा भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घेऊन तेवढी हवा पुरवायला मात्र काही क्षण लागतात. त्या क्षणांत अर्धवट जळलेले इंधन काळ्या धुराच्या लोटाने बाहेर पडते. उभ्या इंजिनाची संथ ढकढक आणि हा धूर, या दोन्हींवरून अल्को दुरूनही ओळखू येत असे.

ठाण्यातून जाणारा मुख्य मार्ग १९२० च्या दशकातच विजेवर गेला. तरीही ठाणेकरांना डिझेल परिचित राहिले ते कोकण रेल्वेमुळे. १९९८ मध्ये तो मार्ग पूर्ण खुला झाल्यावर ठाणे, दिवा, पनवेलमार्गे जाणाऱ्या गाड्यांना डिझेल इंजिने लागत. २०२२ मध्ये कोकण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि हे दृश्य विरळ झाले. यातील पुष्कळशी इंजिने वीसेक किमीवरच्या कल्याण शेडची (इंजिनांच्या आगाराची). मात्र ती बहुधा डब्ल्यूडीएम-३ए (३,१०० अश्वशक्ती) किंवा ३डी या पुढच्या आवृत्त्या होत. ३ए दिसायला जवळजवळ २ सारखेच असल्याने प्रतिकृतीवर क्रमांक रंगवताना हा फरक जपावा लागतो.

प्रतिकृतीचा कळीचा प्रश्न रुळांमधल्या अंतराचा आहे. सर्वाधिक प्रचलित एचओ प्रमाण १:८७.१ चे, त्यात १७.१२ मी. लांबीचे इंजिन सुमारे १९७ मिमी भरते. बाजारातल्या रुळांचे अंतर १६.५ मिमी असते व ते परदेशातील १,४३५ मिमी मापाशी जुळते. आपल्या १,६७६ मिमी मापाला १९.२ मिमी हवेत. सुमारे पावणेतीन मिमीचा हा फरक बाजूने कळत नाही. पण समोरून पाहिले की चाके अंगाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात, आणि रुंद पवित्रा हेच तर या इंजिनाचे रूप. काही जण रुळांना प्रमाण मानून प्रतिकृतीच सुमारे १:१०१.६ या प्रमाणात बनवतात. त्यात अंतर अचूक येते, पण ती दुसऱ्या कोणाच्या डब्यांना शोभत नाही. हाताने १९.२ मिमीचे रूळ टाकणे कष्टाचे असले तरी तोच मार्ग सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल.

बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या, बाबतीत सुदैव आहे. अल्कोची तीन आसांची ट्रायमाउंट बोगी तिच्या अमेरिकन इंजिनांनाही होती, म्हणून त्यांच्या प्रतिकृतींचा खालचा सांगाडा वापरता येतो. या बोगीत मधला आस बरोबर मध्यावर नसतो. समान अंतराची बोगी बसवली की जाणकाराची नजर तिथेच अडते. चाके मात्र बदलावी लागतात : अमेरिकन चाक ११.७ मिमी, आपले १२.५. वरचे अंग पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापतात, कठड्याच्या दांड्या ०.३ ते ०.४ मिमी पितळी तारेच्या करतात. मध्यभागी १२ व्होल्टची मोटार असते आणि तिच्या दोन्ही टोकांचे दांडे बोग्यांतील दातेरी चाके फिरवतात. खऱ्या इंजिनात सहा मोटारी, इथे एक.

ठाण्याच्या घरांत अडचण जागेची. एचओ प्रमाणात अठरा डब्यांची गाडी इंजिनासह सुमारे ४.८ मी. होते, कळवा-मुंब्र्यादरम्यानचा सुमारे १.३ किमीचा पारसिक बोगदा याच प्रमाणात जवळपास १५ मी. म्हणून गाडी पाच-सहा डब्यांची ठेवतात आणि बोगद्याचे फक्त तोंड उभारतात. पावसाळ्यात प्लायवुड फुगते, रुळांवर मळकट थर चढतो आणि चाकांना वीज नीट मिळत नाही. गाडी चालवण्यापूर्वी रूळ कोरड्या कापडाने पुसावे लागतात. पुण्यात कोथरूड येथे १९९८ पासून लघुरेल्वेचे संग्रहालय आहे.